नावातला किडा

इतिहास लिहायला कागद लागतो आणि वाळवीला खायलाही कागदच लागतो. म्हणजे इतिहासकार आणि वाळवी ही एकाच मालाची दोन गिऱ्हाइकं झाली. कॉमर्सच्या पदवीधराला यापुढचं सांगावं लागत नाही. त्यातलं एक गिऱ्हाईक रात्रंदिवस न थकता, किरकोळ रजा न घेता, प्रवासभत्ता न मागता काम करणारं आणि दुसरं दुपारी जेवून थोडं आडवं होणारं. तेव्हा बहुतेक माल कोणाच्या पोटात गेला असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी हा व्यवहार फार जवळून पाहिला. कोणाच्या वाड्यातला माळा, कोणाच्या घरातला कोनाडा, कोणाची शिसवी पेटी, असं करत करत हा माणूस गावोगाव हिंडला आणि वाळवीच्या तोंडचा घास ओढून काढत राहिला. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि मग एकेक करत बावीस खंड झाले. पण राजवाड्यांना आणखी एक नाद होता, तो म्हणजे नावं कुठून आली हे शोधण्याचा. त्यांचा 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. वरवर पाहता दप्तरं गोळा करणं आणि नावांची कुळं शोधणं हे दोन वेगळे उद्योग वाटतात. पण ते वेगळे नाहीत. कागद खाऊन झाला की मागं काय उरतं? माणसाच्या तोंडात बसलेलं नाव उरतं. तिथवर वाळवी अजून पोचलेली नाही.

मी राजवाडे नव्हे. मी बँकेतला कारकून. राजवाड्यांना दप्तर शोधत हिंडावं लागे, माझ्याकडे दप्तरं स्वतःच्या पायांनी चालत काउंटरवर येतात. पण केदारखेड्याला आल्यापासून माझ्याही डोक्यात एक किडा वळवळू लागला आहे आणि तो नेमका किडा आणि नाव या दोहोंच्या मधला आहे.

केदारखेडा हे जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं, पूर्णेच्या काठचं गाव. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी, म्हणजे जिल्हा आणि मी साधारण एकाच वयाचे. फरक एवढाच की जिल्ह्याला दरवर्षी अंदाजपत्रकात काही ना काही मिळतं. गावात विचाराल तर केदार म्हणजे महादेव, आणि ते बरोबरच आहे. पण संस्कृत कोश उघडाल तर 'केदार' शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो: बांध घालून पाणी अडवलेलं शेत. देवानं आणि शेतानं एकच नाव वाटून घेतलं आहे. शेतकऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. दोघांकडेही वर तोंड करून बघावंच लागतं.

आता शेत म्हटलं की किडा आला. मृगाच्या आगेमागे पहिला दणकून पाऊस झाला, जमिनीतून वाफ निघाली की त्या संध्याकाळी दिव्याखाली बसून पाहा. ताटात, चहात, शर्टाच्या खिशात, पासबुकाच्या पानात, सगळीकडे किडे. त्या रात्री मी एका शेजाऱ्यांना म्हटलं, "काका, हे केदारखेडा नाही, किडेदार-खेडा आहे." काका हसले नाहीत. ते कडुनिंबाकडे बघत होते. निंबाच्या फांदीवर तांबूस-तपकिरी भुंगेऱ्यांचा थवा बसून पाला कुरतडत होता. काका म्हणाले, "औंदा हुमणी लई लागंल." शहरातून आलेल्या माणसाला जो विनोद वाटतो तो खेड्यात बहुधा कर्जाचा हप्ता निघतो.

हुमणीचं चरित्र ऐकण्यासारखं आहे. हा प्राणी वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली असतो. पहिल्या पावसात भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, रात्रभर पाला खातात, तिथंच संसार थाटतात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. माद्या मातीत अंडी घालतात. त्यातून पांढऱ्या, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या निघतात, त्या महिनोन्महिने मुळं कुरतडत बसतात. सोयाबीन असो, मका असो, मिरची असो, वरून रोप पिवळं दिसतं आणि ओढलं तर हातात येतं. खाली मूळच नसतं. मग जमिनीतच कोष, कोषातून भुंगेरा, आणि तो पुढच्या पावसाची वाट बघत मातीतच बसून राहतो. शेतकरी रात्री फांद्या झोडपतात, दिव्याखाली रॉकेल घातलेल्या पाण्याचं टोपलं ठेवून प्रकाश-सापळा लावतात. सगळ्या गावानं एकाच वेळी लावला तरच त्याचा उपयोग. सामुदायिक जबाबदारीचं कर्ज आमच्या बँकेनं पुष्कळ नंतर शोधलं.

आता नावाकडे वळू. 'हुमणी' शब्द ऐकला की मला हुमायून आठवतो. आपण शाळेत बाबर, हुमायून, अकबर असे रांगेत पाठ केले आणि हुमायून नेहमी मधल्या मुलासारखा दुर्लक्षित राहिला. त्याच्या नावाचा अर्थ शुभ, भाग्यवान. 'हुमा' हा तिकडच्या कथांमधला मंगल पक्षी, ज्याच्यावर त्याची सावली पडेल तो राजा होतो. हुमणीची सावली ज्याच्यावर पडते त्याचं काय होतं हे वर सांगितलंच. दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण चरित्रं जुळवून पाहा. हुमायून 1540 साली कनौजला शेरशहाकडून हरला आणि गादीवरून जो गायब झाला तो पंधरा वर्षं. मग 1555 साली योग्य हवा बघून पुन्हा वर आला, दिल्ली घेतली, आणि जेमतेम सहा महिन्यांत, जानेवारी 1556 मध्ये, ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. दीर्घ काळ जमिनीखाली आणि थोडेच दिवस उजेडात, हा क्रम पाहिला की भाषाशास्त्रज्ञांनी कितीही नाही म्हटलं तरी मनात शंका येते. ग्रंथालयाच्या जिन्यावर पडण्याचा प्रसंग हुमणीवर येत नाही. तो विभाग वाळवीकडे आहे.

तर अशी ही नावांची गंमत. कानाला सारखी, अर्थानं परकी. महाभारतातला कीचक घ्या. लहानपणी मी समजत होतो की कीचक आणि कीटक ही एकाच कुटुंबातली मंडळी. वागणूक पाहता तसं वाटणं साहजिक होतं. भीमानं त्याला रात्रीच्या अंधारात नृत्यशाळेत चिरडला, तोही जसा किडा चिरडावा तसाच. पण संस्कृतात 'कीचक' म्हणजे भोकं पडलेला, वारा शिरला की वाजणारा वेळू. कालिदासाच्या काव्यात हा कीचक येतो तो हिमालयात आपोआप बासरी वाजवणारा. ज्या नावाला आपण दोन हजार वर्षं शिव्या घातल्या त्याचा अर्थ बासरी निघाला! आईबापांनी केवढ्या हौसेनं ठेवलं असेल.

मात्र कीटकालाही संगीत येतं, हे त्याच रात्री कळतं. पाऊस थांबला, दिवे गेले (ते पावसाच्या आधीच जातात) की रातकिड्यांची मैफल सुरू होते. गाणारा तो नर. तो पंखावर पंख घासून गातो आणि ऐकणाऱ्या मादीचे कान असतात पुढच्या पायांवर. म्हणजे तिला गाणं आवडलं नाही तर ती पायावर पाय ठेवून बसत असेल. 1897 साली आमोस डॉल्बियर नावाच्या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकानं रातकिड्याच्या किरकिरीचे ठोके मोजून हवेचं तापमान सांगण्याचं गणित छापलं. त्याहून मोठी मौज 1970 साली इंग्लंडच्या बेनेट-क्लार्क यांनी दाखवली. रातकिड्याचा एक जातभाई फावड्यासारख्या पायांनी जमीन खणतो आणि बिळाच्या तोंडाला हुबेहूब लाउडस्पीकरच्या कर्ण्याचा आकार देतो. आत बसून गायलं की आवाज दूरवर जातो. कर्णा लावून रात्रभर गाणं हा शोध आपल्याकडच्या मंडळांनी लावला अशी माझी समजूत होती. तो किड्यांचा निघाला आणि त्यांनाही दहा वाजताचा नियम लागू नाही.

पण नावाच्या बाबतीत खरं राज्य वाळवीचं. आपल्या आदिकवीचंच नाव घ्या. 'वल्मीक' म्हणजे वारूळ, त्यावरून वाल्मीकी. तपाला बसलेला माणूस इतका स्थिर झाला की वाळवीला ते लाकडी सामान वाटलं आणि तिनं अंगभर घर बांधलं. च्यवन ऋषींचीही तीच कथा. वारुळात दोन चमकणाऱ्या वस्तू दिसल्या म्हणून शर्याती राजाच्या सुकन्येनं काटा खुपसला, ते निघाले ऋषींचे डोळे. भरपाई म्हणून तिला त्यांच्याशी लग्न करावं लागलं. पुढं अश्विनीकुमारांनी म्हाताऱ्याला तरुण केलं आणि त्यांच्या नावाचा प्राश आपण थंडीत चमच्यानं खातो. ज्या माणसाला एकदा वाळवी लागली त्याच्या नावावर तारुण्याचं औषध विकलं जातं. याला जाहिरातशास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही.

आणखी मागं गेलात तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नव्याण्णवावं सूक्त आहे. त्याचा ऋषी वम्र. 'वम्र' म्हणजे मुंगी. मुंगी नावाचा ऋषी! शाळेत हजेरीला काय होत असेल कल्पना करा. आपले पूर्वज मुंगी आणि वाळवी यांत फार भेद करत नसत. इंग्रजही वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणत. शास्त्रानं मात्र नातं भलतीकडेच जुळवलं. 2007 साली संशोधकांनी वाळवीचा स्वतंत्र गण मोडीत काढून तिला झुरळांच्या गणात नेऊन बसवलं. म्हणजे आदिकवीच्या नावामागं उभी असलेली ही बाई मुंगीची बहीण नसून, ज्याला पाहून मी स्वतः खुर्चीवर चढतो त्या प्राण्याची चुलत बहीण निघाली.

इथं एका आडनावाची बाजू मांडणं माझं कर्तव्य आहे. नंदुरबारकडे 'वळवी' हे मोठ्या प्रमाणावर आढळणारं, मानाचं आदिवासी आडनाव आहे. त्याचा वाळवीशी काही संबंध नाही. पण ते इंग्रजीत लिहिलं की 'व्ही-ए-एल-व्ही-आय' होतं, वाळवीही तशीच होते, आणि मग शहरातला कोणी अतिहुशार माणूस हसतो. हा दोष आडनावाचा नाही, पाच इंग्रजी अक्षरांचा आहे. 'ळ' लिहिता येत नाही अशी लिपी आपल्या सगळ्यांची नावं लिहायला बसली आहे, त्याला कोण काय करणार?

आपल्याकडे ज्याला शेणकिडा म्हणून बाजूला सारतात त्याचं नशीब इजिप्तमध्ये बघावं. शेणाची गोळी करून ढकलत नेणारा आणि जमिनीत पुरणारा हा किडा. तिकडच्या भाषेत त्याचं नाव आणि 'होणे, उत्पन्न होणे' हे क्रियापद कानाला सारखंच, 'खेपेर'. तेवढ्या साम्यावर त्याचं चित्र 'होणे' या शब्दासाठी वापरात आलं आणि सकाळचा सूर्य ढकलत वर आणणारा 'खेप्री' हा देव झाला. राजांनीही आपल्या नावात तो घेतला. 1922 साली ज्याची कबर सापडून जगभर गाजली त्या तुतानखामेनचं राज्याभिषेकाचं नाव 'नेबखेपेरुरे'. त्या नावाच्या मधोमध किडा काढलेला असतो. कानाला सारख्या लागणाऱ्या शब्दांनी एका शेणकिड्याला सिंहासनावर बसवलं. आपल्याकडे तोच किडा गोठ्यामागं राबतो आणि नाव विचारलं तर सांगायची लाज.

त्याची विद्या मात्र राजाला शोभेल अशी आहे. 2013 साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की आफ्रिकेतला रात्री फिरणारा शेणकिडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरून गोळी सरळ नेतो. खात्री करायला त्यांनी किड्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या. आकाश दिसेना तेव्हा किडे भरकटले. जोहान्सबर्गच्या तारांगणातही हे करून पाहिलं. मराठीत टोपी घालणे याचा जो अर्थ आहे तो त्या शास्त्रज्ञांना माहीत नसावा. नाहीतर बँकेत खातं उघडायला आलेल्या शेतकऱ्यावर याहून सोप्या रीतीनं तो प्रयोग अनेकांनी केलेला आहे.

आता घराजवळ येतो, कारण सगळ्यात मोठी फसवणूक आमच्या तालुक्याच्याच नावात आहे. भोकरदन. नवख्या माणसानं फोड केली तर 'भोक' आणि 'रदन', म्हणजे भोक आणि दात. किडलेल्या दाढेला याहून चांगलं नाव सापडणार नाही. कोणी म्हणेल भोकराच्या झाडावरून आलं. दोन्ही ऐकायला ठीक आहेत. पण सांचीच्या स्तूपावर, सव्वादोन हजार वर्षांच्या आसपासच्या काळात, ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत आणि त्यांत 'भोगवढन' गावची माणसं आहेत. भोगवर्धन! म्हणजे सुख-समृद्धी वाढवणारं. अभ्यासक भोगवर्धन म्हणजे हेच भोकरदन मानतात. इथून सांची सरळ रेषेत चारशे किलोमीटर. तेवढ्या लांब जाऊन या तालुक्यातल्या कोणीतरी दान दिलं आणि पावती म्हणून दगडावर नाव घेतलं. ती पावती अजून वाचता येते. माझ्याकडची गेल्या वर्षीची कागदी पावती येत नाही.

1973 साली मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि गुप्ते यांनी. सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं गाव मातीतून वर आलं आणि त्यात एक हस्तिदंती मूर्ती सापडली, अगदी तशाच धाटणीची, जशी एक इटलीत पाँपेई शहरात 1938 साली सापडली होती. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे तिकडची मूर्ती त्याआधीच इथून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या मालातून पोचलेली असणार. आता गंमत पाहा. जमिनीत भोक पाडलं आणि त्यातून काय निघालं? हत्तीचा दात! भोक आणि रदन! चुकीची व्युत्पत्ती इतक्या थाटात खरी ठरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आणि एकरदन गणपतीही दूर नाही, राजूरला, याच तालुक्यात बसलेला आहे.

तर दगड टिकतो, हस्तिदंत टिकतो आणि नाव थोडंसं झिजून टिकतं. भोगवर्धनाचं भोकरदन व्हायला दोन हजार वर्षं लागली. आम्ही लोक एका पिढीत त्याहून जास्त झीज करू शकतो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाचे सरकारी कागद उर्दूत. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, आणि 'के' व 'की' मधोमध आले तर सारखेच दिसतात. गावातले कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तिथून नाव देवनागरीत आलं, देवनागरीतून इंग्रजीत गेलं, इंग्रजीतून संगणकात आणि संगणकातून पुन्हा मराठीत. एवढ्या पाच दारांतून गेल्यावर माणूस ओळखू येत नाही, तिथं नाव काय येणार? वरून वाळवी. कागदाच्या ज्या कोपऱ्यात नाव असतं तोच कोपरा तिला आधी आवडतो, असा माझा अनुभव आहे.

मागच्या पावसाळ्यात असेच एक बाबा काउंटरवर आले. वय सत्तरीच्या पुढचं. नाव सांगत नाही, ग्राहकाची गुप्तता पाळण्याबद्दल मी सही केलेली आहे. एवढंच सांगतो की त्यांच्या नावाचा अर्थ झाडून बाहेर टाकलेला कचरा असा होतो. एका योजनेचे पैसे त्यांचे अडले होते. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं. दोन्हींत अक्षराचा फरक एकच, पण संगणकाच्या दृष्टीनं ते दोन इसम. आणि तिसरा पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून बापाच्या वेळचा कागद काढला तर त्याची जाळी झालेली. पलीकडची भिंत आरपार दिसत होती.

आमच्याकडच्या एका तरुण मुलानं चांगल्या मनानं सुचवलं, "बाबा, नाहीतरी नाव दुरुस्त करायचंच आहे, तर राजपत्रात देऊन चांगलंच घ्या की. किरण करा. अक्षरं पण जवळची आहेत."

बाबा म्हणाले, "कामून? ह्याला काय झालं?"

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि शहरात शिकलेल्या माणसाला ते अनेकदा दिसत नाही. दगडू, धोंडू, कोंडू, केरू, उकर्डा ही नावं ऐकून आपण हसतो. आधीची लेकरं जगली नाहीत की आई पुढच्याला असं नाव देई, म्हणजे यमाला, नजरेला, ज्याला कोणाला ते मूल हवं असेल त्याला वाटावं की हा टाकाऊ माल आहे, हा नेऊन काय करायचा? मौल्यवान चीज फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात टाकून ठेवावी तसं ते नाव. याची उलटी, कडू बाजूही आहेच. मुलगी नको म्हणून 'नकोशी' नाव ठेवलेल्या दोनशेहून अधिक मुलींना 2011 साली सातारा जिल्ह्यात समारंभ करून नवी नावं दिली, आणि ते फार चांगलं केलं. तिथं नावाचा अर्थ जो होता तोच मनात होता. उकर्डा आणि केरू यांचं तसं नाही. तिथं अर्थ कचरा आणि मनात नेमका त्याच्या उलट. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन नावांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि ते कोशात सापडत नाही.

बाबांनी बोटं मोजली. "मह्या आदी तिघं गेले सायेब. दोन भाऊ, एक बहीन. त्यायचं कुठं नाव नाई, कागद नाई. मायनं मंग मपलं नाव हे ठिवलं अन् म्या जगलो. आता ह्ये बदलू म्हनता?"

काउंटरवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. टोकन नंबर पुकारणारं यंत्र तेवढं बोलत होतं. जन्मनोंदीत नाही, सातबाऱ्यावर नाही, राजवाड्यांच्या बावीस खंडांतही असण्याची शक्यता नाही, अशा तीन मुलांचा एवढाच पुरावा शिल्लक होता आणि तो आम्ही 'स्पेलिंग मिस्टेक' या सदराखाली निकालात काढायला निघालो होतो.

मग रीतसर काम केलं. शंभर कागद मागणाऱ्या या देशात एक कागद मला मनापासून आवडतो. ते म्हणजे 'वरील दोन्ही नावांचा इसम एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र. वेदान्तात जे सिद्ध करायला शंकराचार्यांना भाष्यं लिहावी लागली ते आपल्याकडे एका कागदावर होतं. नाव आईनं ठेवलं तेच राहिलं. त्या नावानं संगणकातल्या नावाला आपल्याकडे ओढून घेतलं. दीड महिन्यानं पैसे जमा झाले.

प्रतिज्ञापत्राची एक प्रत मी त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. म्हटलं, "बाबा, लाकडी पेटीत ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात ठेवा, वर कडुनिंबाचा पाला टाका."

"खाल्ला तं खाल्ला," बाबा म्हणाले. "गावाला ठाव हाय मपलं नाव."

असं म्हणाले खरे. पण जाताना बाजारातून बिस्किटांचा रिकामा डबा विकत घेऊन त्यात कागद घालून, झाकण दोनदा दाबून पाहून मगच ते एसटीत चढले. शेतकरी माणूस आहे. हुमणीनं वर्षभराचं पीक मुळापासून खाल्लेलं त्यांनी पाहिलंय. वाळवीला उधारीवर ते कसा काय सोडणार?